रॅपरने स्वतःचं लेबल काढावं का? कुडाळहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

कुडाळच्या एका मुलाचा प्रश्न आहे. मालवणीत रॅप करतो. जत्रा, गणपती, कॉलेजची गॅदरिंग अशा सुपाऱ्या मिळतात, गाणी मोबाईलवर फिरतात. आता आजूबाजूची दोन-तीन पोरं म्हणतात, तू लेबल, म्हणजे गाणी काढणारी स्वतःची कंपनी, काढ, आम्ही तुझ्याकडे येतो. त्याने विचारलंय: जे-झी, डॉ. ड्रे या अमेरिकन रॅपरांनी हे कसं जमवलं? लेबल काढलं की रॅप सोडावा लागतो का? आणि मुंबईला न जाता सिंधुदुर्गात राहून हे होईल का?

मी आधी स्टेजवर होतो. आता बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या कलाकारांचे करार, रिलीज आणि हिशेब बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, होईल. फक्त लेबलचं पहिलं गाणं स्वतःचं काढू नकोस, दुसऱ्याचं काढ. आपल्या गाण्यावर लोगो हवा म्हणून लेबल काढणारे पुष्कळ आहेत. त्यात वाईट काही नाही, पण तो लोगोच राहतो. दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचे पैसे अडकवलेस, त्याच्या मिक्ससाठी रात्री जागलास आणि वर्षाने त्याच्या हातात हिशेबाचा कागद ठेवलास, की लेबल सुरू झालं म्हणायचं. मोठ्या नावांच्या गोष्टी याच नजरेने वाच, मग त्यातलं घ्यायचं काय ते दिसेल.

जे-झीचं नाव सगळे घेतात, पण गोष्ट अर्धीच सांगतात. १९९५ मध्ये डेमन डॅश आणि करीम बर्क यांच्याबरोबर त्याने रॉक-अ-फेला हे लेबल काढलं, कारण मोठी लेबलं त्याला घ्यायला तयार नव्हती. गाडीच्या डिकीतून माल विकत १९९६ मध्ये पहिला अल्बम आला. वितरण दुसऱ्याचं होतं, पण लेबल आपलं. पुढच्या वर्षी डेफ जॅम हे मोठं लेबल भागीदार म्हणून आलं. म्हणजे डेफ जॅमसमोर तो बसला तेव्हा त्याच्याकडे विकायला काहीतरी होतं. २००४ मध्ये डेफ जॅमने रॉक-अ-फेलाचा उरलेला हिस्साही घेतला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याला डेफ जॅमचा अध्यक्ष केल्याची घोषणा झाली. २००५ च्या सुरुवातीला तो खुर्चीवर बसला आणि २००७ संपताना उठला. ज्या कारकिर्दीचं एवढं नाव होतं, ती खुर्चीतली जेमतेम तीन वर्षं. त्याआधीची दहा वर्षं तो हेच काम करत होता, फक्त पाटी नव्हती.

त्या तीन वर्षांतल्या दोन गोष्टी मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. पहिली रिहानाची. बार्बाडोससारख्या छोट्या बेटावरची किशोरवयीन मुलगी २००५ मध्ये न्यूयॉर्कला ऑडिशनला आली, जे-झी आणि कंपनीचा प्रमुख एल. ए. रीड यांच्यासमोर गायली, आणि त्याच रात्री उशिरापर्यंत बसवून तिचा करार पक्का केला. यात लोकांना दिसतो तो त्यांचा कान. मला दिसतात ते रात्री हजर असलेले वकील. आवाज ओळखणारे आपल्याकडेही कमी नाहीत. एखाद्या भजनी बुवाला विचार, पहिल्या गजरातच सांगेल पोरात दम आहे की नाही. पण ओळखलेल्या आवाजाला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाऊ न देता, रीतसर अटी घालून, समोरच्यालाही समजतील अशा शब्दांत कागदावर आणणं हे वेगळं काम आहे आणि लेबलवाल्याला ते यावं लागतं.

दुसरी गोष्ट नासची. २००१ मध्ये जे-झी आणि नास हा दुसरा रॅपर यांनी गाण्यांतून एकमेकांची जी लाज काढली, तिचे दाखले हिप हॉपवाले अजून देतात. २००६ मध्ये तोच नास डेफ जॅममध्ये आला आणि डिसेंबरमध्ये त्याचा अल्बम तिथूनच निघाला, जे-झी अध्यक्ष असताना. ज्याने जगासमोर आपली लाज काढली, त्याच्या रेकॉर्डिंगचं बजेट मंजूर करायचं. कलाकार म्हणून हे जड जातं, मालक म्हणून करावंच लागतं. आपल्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवाला रात्रभर टोमणे मारून पहाटे त्याच्याशेजारी चहा घेणारे बुवा आहेत, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तुझ्या भागात तुझ्यावर डिस, म्हणजे टोमण्याचं गाणं, काढणारा एखादा पोरगा असेल आणि तो खरंच चांगला लिहीत असेल, तर त्याला फोन करण्याची तुझी तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २००६ मध्ये, अध्यक्ष असतानाच, जे-झीने स्वतःचा पुनरागमनाचा अल्बम काढला. त्याच वर्षी एल एल कूल जे या डेफ जॅमच्या सगळ्यात जुन्या खांबाने आपल्या अल्बमला नीट पाठिंबा मिळाला नाही अशी नाराजी उघड बोलून दाखवली. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण मालक आणि मुख्य गायक एकच असला की बाकीच्यांच्या मनात ही शंका येतेच. आपल्याकडे तिचं रूप साधं असतं: गणपतीच्या आधीचा रिलीजचा शुक्रवार कुणाला मिळाला? तो तू घेतलास आणि दुसऱ्या पोराला पितृपक्षातली तारीख दिलीस, तर तुझ्या लेबलचं वजन त्याच दिवशी कमी झालं.

ड्रेबद्दल थोडक्यात. १९९६ मध्ये त्याने डेथ रो हे जुनं लेबल सोडलं, तिथला आपला हिस्साही सोडला आणि इंटरस्कोप या मोठ्या कंपनीच्या आधाराने आफ्टरमाथ हे स्वतःचं लेबल काढलं. पहिलं संकलन अपेक्षेइतकं चाललं नाही, पुढच्या वर्षीचा एक गाजावाजा झालेला ग्रुपही जमला नाही. हा आता संपला असं लोक बोलू लागले. १९९८ मध्ये एमिनेम हा रॅपर सापडला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याचा अल्बम आला. मधली दोन-अडीच वर्षं ड्रेला झेपली, कारण मागे इंटरस्कोपचे पैसे होते. तुझ्यामागे कोण आहे? आंब्याचा हंगाम, वडिलांचं दुकान, तुझ्याच सुपाऱ्या, काहीही असो, पण दोन वर्षं काहीच परत आलं नाही तरी घर चालेल एवढी सोय आधी बघ.

तुझ्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळ मास्टर पी हा अमेरिकन रॅपर आहे. त्याने कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला आधी रेकॉर्डचं दुकान टाकलं. गल्ल्यावर बसून कोण काय मागतं, कशावर परत येतं हे तो बघत राहिला. १९९६ मध्ये प्रायॉरिटी या कंपनीशी करार केला तेव्हा त्याने वितरण दिलं आणि मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, स्वतःकडे ठेवले. हिप हॉपच्या धंद्यात या कराराचा दाखला अजून देतात तो याच कारणासाठी. पुढे त्याने घाई केली असं माझं मत आहे. १९९८ या एकाच वर्षात त्याच्या नो लिमिट लेबलने वीसहून जास्त अल्बम काढले. बाजारात स्वतःच्याच मालाची गर्दी झाली आणि २००३ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची वेळ आली. मालकी राखण्यात तो शहाणा होता, वेळापत्रकात नव्हता. दोन्ही गोष्टी लक्षात ठेव.

आपल्याकडचं उदाहरण डिव्हाइन या रॅपरचं. अंधेरीच्या जे. बी. नगरचा मुलगा. आधी सोनी म्युझिककडे होता, २०१९ मध्ये त्याने गली गँग एंटरटेनमेंट हे स्वतःचं लेबल काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नासची मास अपील कंपनी युनिव्हर्सल या मोठ्या संगीत कंपनीबरोबर भारतात आली, तिचा पहिला कलाकार डिव्हाइनच होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा अल्बम निघाला. वर ज्या नासबद्दल सांगितलं तोही तोवर लेबलवाला झाला होता, हे ध्यानात घे. डिव्हाइन मोठ्या लेबलमध्ये राहून तिथली पद्धत शिकला आणि मग स्वतःचं काढलं. रफ्तार या रॅपरने कलमकार हे लेबल उभं केलं ते क्रिष्णा, कर्मा अशा इतर रॅपरांना जागा देत. तुलाही एखाद्या चांगल्या लेबलने एक-दोन गाण्यांसाठी विचारलं तर स्वाभिमानाने नाही म्हणू नकोस. कराराची प्रत मिळते, काम कसं चालतं ते आतून दिसतं, आणि त्या शाळेची फी ते भरतात.

आता पैशांकडे येऊ, कारण पोरांशी तुझं बिनसलं तर इथेच बिनसेल.

समज, एका पोराच्या गाण्यावर तू लाख रुपये घातलेस. स्टुडिओ, मिक्स, मास्टरिंग मिळून पंचवीस हजार, व्हिडिओ साठ हजार, जाहिरात पंधरा हजार. दोन वर्षांत वितरकाकडून, म्हणजे गाणं स्पॉटिफाय-यूट्यूबवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, एक लाख चाळीस हजार आले. करारात "निव्वळ नफ्याची अर्धी-अर्धी वाटणी" असेल तर खर्च वजा जाऊन चाळीस हजार उरतात, वीस तुझे, वीस त्याचे. पण करारात "एकूण उत्पन्नाच्या २० टक्के रॉयल्टी, आणि लेबलचा खर्च त्या रॉयल्टीतून वसूल" असं असेल तर? त्याच्या नावावर अठ्ठावीस हजार जमा होतात, समोर खर्च एक लाख. म्हणजे त्याच्या हाती शून्य, वर बहात्तर हजारांची बाकी. आणि लेबल? खर्च निघून चाळीस हजार फायद्यात. गाणं तेच, पैसे तेच, फक्त वाक्य बदललं. मोठ्या लेबलांनी कित्येक वर्षं दुसऱ्या वाक्यावर धंदा केला. तू पहिलं वाक्य घाल, आणि हे गणित त्या पोराला त्याच्या आईबापासमोर वहीवर मांडून दाखव. ज्यांना समजलंय तेच पुढे साथ देतात.

कायद्याचंही थोडं माहीत असू दे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करून घेणाऱ्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, आणि तो ६० वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांनी बाकी हक्क लेबलला दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. रॅपर स्वतः लिहितो, म्हणजे तो गीतकार असतो, आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच पोरांना हे माहीतच नाही. गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व त्याने स्वतःच्या नावावर घ्यायचं, लेबलने त्यात हात घालायचा नाही. वितरकाकडून येणारे पैसे हे रेकॉर्डिंगचे, ते पैसे वेगळे. तुझ्या पहिल्या कलाकाराचा फॉर्म तू शेजारी बसून भरून दे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या पोराला आयुष्यभर पुरेल.

बीटचं, म्हणजे रॅपमागच्या संगीताचं, बघ. नेटवरून हजार-दोन हजाराला घेतलेली बीट ही बहुधा लीजवर, म्हणजे भाड्याने, असते. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते, आणि किती स्ट्रीमपर्यंत वापरायची याचीही मर्यादा असते. गाणं चाललं की यूट्यूबवर दुसऱ्याचा दावा येतो आणि पैसे अडकतात. एकट्याचं गाणं असेल तर माणूस सोसतो, लेबलला ते परवडत नाही. बीट पूर्ण हक्काने विकत घे, नाहीतर गावातल्याच पोराकडून करून घे आणि त्याला वाटा दे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण त्याच्याकडे पखवाज आहे, घुमट आहे, झांज आहे, आणि तो आवाज दिल्लीच्या बीटवाल्याकडे नाही.

यावरून एक प्रसंग सांगतो. एका मालवणी गाण्यासाठी आम्ही भजनातल्या एका पखवाजवाल्या काकांना बोलावलं होतं. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या लावलेली मागची खोली, पंखा बंद, कारण माइकमध्ये आवाज येतो. काकांनी दोन टेकमध्ये काम संपवलं, पखवाज पुसला, पाकीट खिशात ठेवलं. मी कागद पुढे केला तर म्हणाले, "पैसे घेतलंय मां, आता सही कित्याक?" रॅपर पोरगा लाजेने खाली बघत होता, एवढ्या मोठ्या माणसाकडे सही मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं. मी काकांना वाचून दाखवलं: वाजवणं तुमचं, नाव तुमचं छापलं जाईल, रेकॉर्डिंग लेबलचं, आणि जाहिरातीला गेलं तर त्यातला इतका वाटा तुमचा. शेवटच्या ओळीवर त्यांनी चष्मा मागवला, स्वतः वाचलं आणि सही केली. पुढच्या वर्षी एका जाहिरातवाल्यांना त्या गाण्याचे काही सेकंद हवे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सगळ्यांच्या परवानग्या आहेत का. फाइल पाठवली, व्यवहार झाला, काकांच्या खात्यात त्यांचा वाटा गेला. दुसऱ्या एका गाण्यालाही तीच विचारणा होती, पण त्यातल्या कोरसवाल्यांच्या सह्या कुणी घेतल्या नव्हत्या आणि ते काम हुकलं. वाटणीचा कागद रेकॉर्डिंगच्याच दिवशी, गाणं कुणालाच मोठं वाटत नसताना करायचा. नंतर प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसतो.

जुन्या कॅसेटमधला तुकडा उचलायचा असेल, शाहिराचा, बुवांचा, दशावतारातला, तर थांब. चाल परंपरेने आलेली असेल, पण ते शब्द कुण्या शाहिराने लिहिलेले असू शकतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्यांवर हक्क असतो आणि कॅसेटच्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळाच. घरच्यांकडे जाऊन लेखी परवानगी घे, नाव छाप. आपल्या भागात या मंडळींनी फार मोठं काम करून ठेवलंय आणि त्यांच्या मुलांना त्याचे पैसे क्वचितच मिळाले. ही उणीव तुझ्या लेबलने भरून काढावी असं मला मनापासून वाटतं.

सिंधुदुर्गात राहून होईल का? रिलीज करायला मुंबई लागत नाही, वितरण मोबाईलवरून होतं. मुंबई लागते ती श्रोत्यांसाठी, आणि तुझे श्रोते तिथे आहेतच. परळ, लालबाग, डोंबिवली, विरार इथले चाकरमानी गणपतीला दिवा-सावंतवाडीने आणि कोकणकन्येने येतात, तेव्हा गावात ऐकलेलं गाणं परत जाताना घेऊन जातात. तुझं वर्ष या येण्याजाण्यावर बांध: गणपती, शिमगा, मे महिना, आणि दिवाळीनंतरच्या जत्रा. गणपतीचं गाणं गणपतीच्या आठवड्यात टाकून काही होत नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायला किमान सात दिवस आधी फाइल चढलेली लागते. मी तीन-चार आठवडे धरतो, कारण पावसात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही. रायगडकडे बघ. अलिबाग, उरण, पनवेल पट्ट्यातल्या आगरी-कोळी गाणेवाल्यांनी हळदीच्या डीजेवर आपली बाजारपेठ उभी केली. त्यांना आधी कळलं की आपलं गाणं नेमकं कोणत्या रात्री, कोणत्या अंगणात वाजणार आहे. मालवणी किंवा संगमेश्वरी रॅपची ती रात्र कोणती, हे शोधणं तुझं काम. माझ्या मते ती जत्रेत आहे, दशावतार उभा राहण्याआधीच्या त्या दोन तासांत.

दशावताराचं नाव निघालंच तर तुझा दुसरा प्रश्न, रॅप सोडावा लागतो का. पारसेकर, मोचेमाडकर, आजगावकर, कंपन्या मालकांच्या नावाने ओळखल्या जातात. कंपनीचा मालक अनेकदा स्वतः रंगलेला कलाकार असतो. जत्रा ठरवणं, गाडी, पेटारा, कुणाला किती नाईट, म्हणजे रात्रीचं मानधन, आजारी पडलेल्या राजाच्या जागी कोण, हे सगळं बघून तो रात्री तोंडाला रंगही लावतो. पण ज्या कंपन्या टिकल्या तिथे नाईट वेळेवर मिळते आणि चांगली भूमिका चांगल्या नटाला जाते, मालकाला नाही. तूही गात राहा. सुपाऱ्यांचे पैसे सुरुवातीला तेच लेबलला पोसतील. फक्त तुझी गाणी आणि लेबलचा हिशेब यांची बँक खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेव, आणि तुझ्याही गाण्याला लेबलशी तोच करार लाव जो इतरांना लावतोस.

बाकीचं पटकन सांगतो. सुरुवातीला एकट्याच्या नावावर नोंदणी पुरे, कंपनीची घाई नको. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची आहे, तोवर सीएकडून साधा हिशेब ठेवून घे. नाव ठरवलंस की ट्रेडमार्कला ४१ व्या वर्गात अर्ज कर, त्याआधी तेच नाव कुणी घेतलंय का बघ. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेव. वितरक बदललास तर तोच क्रमांक नव्याकडे द्यायचा, नाहीतर जमलेले स्ट्रीम पुसले जातात. हिशेब दर सहा महिन्यांनी, पैसे आले नसतील तरी "शून्य" लिहिलेला कागद पाठवायचा.

आणि पहिल्या कराराची मुदत. नेटवर मिळणाऱ्या नमुन्यांत "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" असे शब्द असतात. ते जसेच्या तसे उतरवू नकोस. मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून दोन्ही स्पष्ट लिही. जग लिही, कारण आखातातले आपले लोकही ऐकतात. वर्षं मात्र पाच ते सात लिही, त्यानंतर मास्टर त्या पोराकडे परत. तीन गाण्यांपेक्षा जास्त गाण्यांना पहिल्यांदा बांधू नकोस. मसुदा मराठीत करून घे, सावंतवाडी किंवा कुडाळ कोर्टातल्या एखाद्या वकिलाकडून तपासून घे, आणि सही करण्याआधी त्या पोराला तो चार दिवस घरी नेऊ दे.